'फेअर' नेमका कशाच्या विरुद्ध?

इंग्रजीतील 'फेअर' हे विशेषण आपल्याला शाळेतच भेटते आणि बहुधा दोनच अर्थ देऊन त्याची बोळवण केली जाते : गोरा आणि न्याय्य. हे दोन्ही अर्थ चूक नाहीत, परंतु तेवढ्यावर विसंबून इंग्रजी वाचू लागलेला वाचक 'फेअर वेदर', 'फेअर कॉपी', 'फेअर चान्स' किंवा 'फेअर गेम' यांपाशी अडखळतो, कारण यांपैकी कशालाही वर्ण नाही आणि न्यायनिवाड्याचाही तेथे फारसा संबंध नाही. माझे मत असे आहे की या शब्दाचा अर्थ विचारण्यापेक्षा समोरच्या वाक्यात तो कोणत्या शब्दाच्या विरोधात उभा आहे, हे आधी विचारावे. 'फेअर'ला एकच विरुद्धार्थी शब्द नाही, आणि विरोधक बदलला की त्याचा अर्थही बदलतो.

यांतील सर्वांत जुना विरोधक म्हणजे 'फाउल'. जुन्या इंग्रजीत 'फेअर'चे पूर्वरूप सुंदर, मनाला प्रसन्न करणारे या अर्थाने येते, तर 'फाउल'चा मूळ अर्थ कुजलेले, घाणेरडे असा आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधील चेटकिणी सुरुवातीलाच 'फेअर इज फाउल, अँड फाउल इज फेअर' असे म्हणतात, तेव्हा सुंदर आणि ओंगळ, स्वच्छ हवा आणि कुंद हवा, सरळपणा आणि दगाबाजी या साऱ्या जोड्या एकाच वाक्यात उलट्यापालट्या होतात. हवा स्वच्छ असेल तर ती 'फेअर', आणि जहाजाला अनुकूल असलेला वाराही 'फेअर'. जुन्या वायुभारमापकांच्या तबकडीवर पाऊस आणि बदल यांच्या पलीकडे 'फेअर' हा शब्द कोरलेला असे. लेखकाने खाडाखोड करत लिहिलेल्या पहिल्या मसुद्याला पाठचिकित्सा करणारे अभ्यासक 'फाउल पेपर्स' म्हणतात, आणि त्यावरून स्वच्छ अक्षरात उतरवलेली प्रत म्हणजे 'फेअर कॉपी'. 'रफ वहीतून फेअर करणे' हा आपल्या बोलण्यात रुळलेला प्रयोग याच घराण्यातला आहे. बेसबॉलमध्ये आखलेल्या हद्दीतला चेंडू 'फेअर' आणि हद्दीबाहेरचा 'फाउल' ठरतो. नियमांत बसणारा खेळ तो 'फेअर', हा आजचा नैतिक अर्थही याच जोडीतून समजून घेणे सोपे जाते, असे मला वाटते.

वर्णाचा अर्थ मात्र वेगळ्या विरोधातून येतो, आणि तेथे सावधपणे वाचावे लागते. 'फेअर'चा विरोधक 'डार्क' झाला की तो उजळ कांती किंवा सोनेरी केस दाखवतो. परंतु आधीचा 'सुंदर' हा अर्थ जिवंत असतानाच हा दुसरा अर्थ रूढ झाल्यामुळे एका वर्णाला सौंदर्याचे माप मानण्याची खोड या शब्दात मुरली आहे. 1609 साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांपैकी 127 वे सुनीत नेमके याच दुहेरीपणावर उभे आहे : पूर्वी काळ्या रंगाला 'फेअर' मानत नसत, अशी त्याची सुरुवात होते. म्हणून जुन्या काव्यातील 'फेअर लेडी' पाहून लगेच 'गोरी स्त्री' असे भाषांतर करणे घाईचे ठरते. 'फेअर सेक्स' हा स्त्रीजातीसाठीचा जुना शब्दप्रयोगही वर्णाविषयी काहीच सांगत नाही. आजच्या लेखनात कोणाच्या कांतीचे वर्णन करायचे असेल, तर ज्या शब्दात स्तुतीही दडलेली आहे असा शब्द मी वापरणार नाही.

तिसरा विरोध सर्वांत फसवा आहे. एके काळी 'सुंदर' असलेला हा शब्द प्रतवारीच्या शिडीवर चक्क मधल्या किंवा त्याहून खालच्या पायरीवर येऊन बसतो. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात पुस्तकाची अवस्था 'फेअर' असल्याचे लिहिलेले असेल तर ते 'गुड'पेक्षा खालचे समजावे. पाने सगळी असतील, पण डाग, फाटणे, सैल झालेली बांधणी हे गृहीत धरावे. अमेरिकेतील रुग्णालये रुग्णाची प्रकृती 'फेअर' असल्याचे सांगतात, तेव्हाही ती 'गुड'च्या खाली आणि 'सीरियस'च्या वर असते. आपल्याकडील 'बरा' हा शब्द असाच वागतो : 'बरे झाले' यात समाधान असते, पण 'काम बरे आहे' यात कौतुक हातचे राखलेले असते. 'अ फेअर नंबर' याला 'बऱ्यापैकी संख्या' यापेक्षा चांगला पर्याय मला माहीत नाही. याच अर्थाच्या 'फेअरली' या क्रियाविशेषणाबाबत इंग्रजी व्याकरणाची पुस्तके एक उपयुक्त भेद सांगतात : 'फेअरली वॉर्म' म्हणणाऱ्याला ती ऊब हवीशी असते, तर 'रादर वॉर्म' म्हणणाऱ्याला ती बहुधा नकोशी असते.

(जत्रा किंवा प्रदर्शन या अर्थाचे 'फेअर' हे नाम लॅटिनमधील सणवाचक शब्दावरून आलेले आहे; त्याचा या विशेषणाशी काही संबंध नाही.)

राहिला नैतिक अर्थ, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. 'फेअर' आणि 'जस्ट' हे शब्द आपण सर्रास 'न्याय्य' या एकाच शब्दाने उतरवतो. परंतु जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने 1958 साली आपल्या निबंधाला 'जस्टिस अ‍ॅज फेअरनेस' असे नाव दिले, ते या दोन संकल्पना एक नाहीत म्हणूनच. त्या एकच असत्या तर शीर्षकाला काही अर्थच उरला नसता. स्थूलमानाने सांगायचे तर 'जस्ट' हा शब्द निकालाकडे किंवा व्यवस्थेकडे पाहतो, आणि 'फेअर' हा वाटणीकडे, वागणुकीकडे व सर्वांना सारख्याच लागू असलेल्या नियमांकडे. आपला खटला हरलेला माणूससुद्धा सुनावणी 'फेअर' होती असे म्हणू शकतो. 1948 च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील दहाव्या कलमात 'फेअर' हे विशेषण सुनावणीलाच लावलेले आहे. जर्मन भाषेने तर हा शब्द जसाच्या तसा उचलला आहे, यावरून त्याची जागा भरणे किती अवघड आहे हे दिसते.

कायद्याने या शब्दाची लवचीकता जाणूनबुजून वापरली आहे. अमेरिकेच्या 1976 च्या कॉपीराइट कायद्यातील 107 वे कलम 'फेअर यूज'ची, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीशिवायही चालणाऱ्या वापराची, व्याख्या करत नाही. वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि मूळ कृतीच्या बाजारपेठेवर होणारा परिणाम हे चार निकष देऊन उरलेला निर्णय ते न्यायालयावर सोपवते. येथे 'न्याय्य वापर' असे भाषांतर केले की ते एखाद्या निवाड्यासारखे ऐकू येते. मला 'रास्त' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. मूळ फारसीतला, 'सरळ' या अर्थाचा हा शब्द भावाला, मागणीला आणि वापरालाही शोभतो. सुनावणीला मात्र तो पुरत नाही. तेथे मी 'निःपक्षपाती' हा शब्द वापरेन.