पट्टी, नाक आणि मधली फट

मे महिना लागला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रूपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. यंदाही आला. त्यातला दावा असा: माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो. मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, झोपलेला असतो. खास संगीत ऐकवून तो दोन दिवसांत जागा केला की डावा-उजवा मेंदू जोडला जातो, मूल डोळे बांधून वाचू लागतं आणि एकदा वाचलेलं कधीच विसरत नाही. फी फोनवर कळवतात.

आधी ते १० टक्के. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली जवळपास २० टक्के तो एकटा खातो. नव्वद टक्के गाळे बंद ठेवून एवढं लाइटबिल कोण भरेल?

मध्यमेंदू खरंच झोपलेला असता, तर पोरगं क्लासपर्यंत चालत आलंच नसतं. मेंदूच्या देठाचा हा वरचा, जेमतेम दोन सेंटीमीटरचा भाग. डोळे फिरवणं, उजेड पडला की बाहुली बारीक करणं ही त्याची कामं, आणि आपल्याला जागं ठेवण्यातही त्याचा हात असतो. बेशुद्ध माणसाच्या डोळ्यात डॉक्टर टॉर्च मारतात, तेव्हा एका अर्थी याचीच हजेरी घेत असतात.

डावा आणि उजवा मेंदू जोडायचा प्रश्नच नाही. सुमारे २० कोटी तंतूंचा पूल आधीपासूनच आहे. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून हा पूल कापलेल्या रुग्णांचा अभ्यास मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी केला आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता पट्टी. दोन वर्षांपूर्वी एका हॉलमध्ये मी हा डेमो पाहिला. नऊ-दहा वर्षांचा मुलगा, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात रंगीत कार्ड. कार्ड तो छातीशी धरायचा, मान किंचित मागे टाकायचा आणि नाक दोनदा आक्रसायचा. मग रंग बरोबर सांगायचा. टाळ्या. मी विचारलं, "बाळा, कार्ड कपाळासमोर धरून वाचशील?" सर लगेच म्हणाले, त्याची ऊर्जा कमी झाली आहे. घरी येऊन बायकोच्या ओढणीची पट्टी बांधून बघितली. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते, आणि तिच्यातून छातीशी धरलेला पेपर मलाही वाचता आला. माझं वय चोपन्न. त्या पोराला मी खोटारडा म्हणणार नाही. आईबाबा समोर बसलेत, पैसे भरलेत, सगळे टाळ्या वाजवताहेत. मुलं दुसरं काय करणार?

राहिली स्मरणशक्ती. नव्या आठवणी पक्क्या करण्यात मोठा वाटा हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाचा, आणि तो मध्यमेंदूत नसतोच, कानाच्या पातळीला खोल आत असतो. १९५३ मध्ये अपस्मारासाठी हेन्री मोलायसन या अमेरिकन रुग्णाचा दोन्हीकडचा हा भाग बराचसा काढला. त्यानंतर त्यांना नवीन भेटलेला माणूस थोड्या वेळाने आठवत नसे. मध्यमेंदू मात्र जागच्या जागी होता.

मग लक्षात राहतं कशाने? रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. परीक्षेच्या आदल्या रात्री "सगळं येतंय" असं वाटतं ते त्या पहिल्या पाच मिनिटांमुळे. पुस्तक मिटवा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, अडलं तिथेच बघा, दोन दिवसांनी परत. याची फी नाही, म्हणून फॉरवर्डही नाही.

हे सगळं ग्रूपवर टाकल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. "भाऊ, पैसे भरलेत हो आम्ही." म्हटलं, पावती बघा. त्यांनी फोटो पाठवला. पावतीवर लिहिलं होतं: 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिर'. मिडब्रेन हा शब्द कुठेच नव्हता.