जुन्या पबांची वॉकिंग टूर आणि तो "सुज्ञांनी लांब राहावं"वाला मेसेज

लंडनला जायचं ठरलं की ओळखीतलं कुणीतरी हमखास एक मेसेज पुढे ढकलतं, मला एकटीलाच तो चार जणांकडून आलाय. त्यात म्हटलंय की फ्लीट स्ट्रीट, होबर्न, सदर्क या जुन्या भागांत ज्या "ऐतिहासिक पबांच्या वॉकिंग टूर" चालतात त्या म्हणजे इतिहासाच्या नावाखाली दारू पाजायचा धंदा आहे, पब सगळे नकली जुने आहेत, गाइड थापा मारतात, न पिणाऱ्यांना आणि बायका-मुलांना तिथे काही काम नाही, आणि जे काय ऐकायचं ते फोनवर फुकट वाचता येतं. शेवटी "सुज्ञांनी लांब राहावं". मी दारू पीत नाही, कधीच प्यायले नाही, आणि तरीही या टूर मी चार-पाच वेळा केल्यात, वेगवेगळ्या गाइडबरोबर, म्हणून एकेका मुद्द्यावर लिहितेय.

"टूर म्हणजे पब क्रॉलच, फक्त नाव सभ्य." सगळ्यात जास्त हाच मुद्दा चालतो आणि सगळी गल्लतही इथेच झालीये. पब क्रॉल वेगळा, त्यात एका संध्याकाळी जितके पब होतील तितके करायचे, प्रत्येक ठिकाणी प्यायचं, आरडाओरडा, आणि अशा गोष्टी लंडनमध्ये चालतात हे खरंय, मलाही त्या आवडत नाहीत. पण इतिहासाची टूर साधारण दोन तासांची, तीन-चार पब, त्यातला एखादा नुसता बाहेरूनच बघायचा, आणि निम्म्याहून जास्त वेळ आपण गल्लीबोळात उभे असतो. बऱ्याच टूरच्या फीमध्ये दारू धरलेलीच नसते, ज्याला जे हवं ते त्याने काउंटरवर जाऊन स्वतः घ्यायचं. मी दर वेळी लाइम सोडा घेते, कधी कॉफी, आजवर एकाही बारवाल्याने भुवई उंचावली नाहीये. ज्यांना घ्यायची असते तेही बहुतेक अर्धा पाइंट घेतात, म्हणजे २८४ मिलि, आणि तो संपवायच्या आत गाइड पुढे चला म्हणते. नशेत असलेल्या माणसाला दारू देणं इंग्लंडमध्ये गुन्हा आहे, तेव्हा झिंगलेला घोळका घेऊन पबमागून पब फिरणं कुठल्याही गाइडला परवडणारं नाही.

आणि दारूचा प्रचार म्हणाल तर उलटंच आहे. या टूरमध्ये मला जर काही सगळ्यात जास्त कळलं असेल तर ते हे, की या देशाने अडीच-तीनशे वर्षं दारूला आवरायचा कसा कसा प्रयत्न केला. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिन नावाच्या कडक दारूने हाहाकार माजवला होता, म्हणून १७५१ साली कायदा करून जिनची फुटकळ विक्री आवळली. मग १८३० साली दुसरं टोक, जिनपेक्षा बियर बरी म्हणून असा कायदा केला की घरपट्टी भरणारा कुणीही दोन गिनी देऊन बियर बनवायचा आणि विकायचा परवाना घेऊ शकेल, आणि बियरची दुकानं धडाधड उघडली. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून पबांच्या वेळा कापल्या, दुपारी बंद ठेवायचा नियम आला, युद्ध संपलं तरी तो नियम राहिला तो थेट १९८८ पर्यंत! म्हणजे आज आपण दुपारी तीन-चारला ज्या पबात शिरतो तिथे सत्तरेक वर्षं त्या वेळेला दाराला कडी असायची. हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, एका गाइडने बंद दारासमोर उभं राहून सांगितलं.

"पब नकली जुने आहेत, सगळे मागाहून बांधलेत." हा मुद्दा लिहिणाऱ्याने एकदा तरी दारावरची पाटी वाचायला हवी होती. फ्लीट स्ट्रीटवरून वाइन ऑफिस कोर्ट नावाच्या अरुंद बोळात शिरलं की ये ओल्ड चेशर चीज लागतो, तिथे पब स्वतःच सांगतो की १६६७ साली पुन्हा बांधलाय. का पुन्हा बांधला? कारण सप्टेंबर १६६६ च्या आगीत सिटीतली, म्हणजे लंडनच्या मधल्या जुन्या भागातली, सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळून गेली, आणि ही जागा त्या आगीच्या वाटेत होती. त्या आगीच्या पट्ट्यात जमिनीवर १६६६ च्या आधीचं फार थोडं उरलंय, त्यामुळे आगीनंतर वर्षभरात उभी राहिलेली इमारत नकली कशी? दाराशेजारी एक पाटी आहे, त्या पुनर्बांधणीनंतर इंग्लंडच्या गादीवर आलेल्या राजाराण्यांची नावं एकाखाली एक, मी ती वाचत उभी होते तेव्हा मागून येणाऱ्यांना सरकायला जागा नव्हती इतका तो बोळ चिंचोळा. आत फरशीवर लाकडाचा भुसा, खोल्या लहान, उजेड कमी, आणि खाली तळघर. (जाता जाता, "ये ओल्ड"मधलं "ये" खरं म्हणजे "द"च आहे, जुन्या इंग्रजीत "थ"साठी एक वेगळं अक्षर होतं, ते वायसारखं दिसायला लागलं आणि लोक "ये" वाचायला लागले.)

सदर्कमधल्या द जॉर्ज इनची गोष्ट तर अजूनच स्पष्ट आहे. सदर्कला स्वतःची वेगळी आग लागली १६७६ साली, जॉर्ज त्यानंतर १६७७ मध्ये परत बांधला. घोडागाड्यांचा मुक्काम असायचा तिथे, अंगणाच्या भोवती लाकडी सज्जे. १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने दोन बाजू पाडून टाकल्या, एकच बाजू उरली, आणि लंडनमध्ये अशी सज्जांची सराय आता तेवढी एकच उरलीये. १९३७ पासून ती नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची संरक्षित वास्तू आहे. अंगणात उभं राहून वर बघा, सज्जाची लाकडं सरळ रेषेत नाहीयेत, मधेच वाकलीत, नव्याने जुनं दाखवायला बनवलेलं लाकूड असं दिसत नाही.

हां, काही पब खरंच तेवढे जुने नाहीत. फ्लीट स्ट्रीटवर एक भपकेदार पब आहे, तो १८८८ पासून १९७५ पर्यंत बँक ऑफ इंग्लंडची शाखा होता आणि पब झाला १९९० च्या दशकात. पण हे गाइड लपवत नाहीत, पबचं नावच द ओल्ड बँक ऑफ इंग्लंड आहे.

आता तो थापांचा मुद्दा. या मुद्द्यावर मेसेजवाल्याचं अर्धं मला मान्य आहे, आणि मनापासून मान्य आहे, कारण मी स्वतः अशी एक टूर केलीये जिथे गाइडने दोन तासांत एकही वाक्य "असं म्हणतात" लावून सांगितलं नाही, सगळं ठाम. त्याची हुकमी गोष्ट होती कैद्यांची. न्यूगेट तुरुंगातून टायबर्नला फाशीसाठी गाडीतून नेताना कैद्याला वाटेत पबात शेवटचा घोट देत, म्हणून निघतानाच्या शेवटच्या पेल्याला "वन फॉर द रोड" म्हणतात, आणि पहारेकरी गाडीवरच बसून राही, त्याला पिता येत नसे, म्हणून दारू सोडणाऱ्याला "ऑन द वॅगन" म्हणतात. ऐकायला झकास आहे, घोळका हसतो, मीही हसले होते. नंतर शोधलं तर "ऑन द वॅगन" हा अमेरिकन वाक्प्रचार निघाला, रस्त्यावर पाणी शिंपडणाऱ्या गाडीवरून आलेला आणि टायबर्नच्या फाशीपेक्षा शंभरेक वर्षांनी वापरात आलेला, टायबर्नला शेवटची फाशी १७८३ सालची. मिरवणूक वाटेत थांबायची आणि कैद्यांना प्यायला मिळायचं हे मात्र खरंय. म्हणजे खऱ्या गोष्टीला खोटं शेपूट लावलं.

तसंच डॉक्टर जॉन्सनचं. इंग्रजीचा तो प्रसिद्ध शब्दकोश १७५५ मध्ये काढणारा जॉन्सन चेशर चीजपासून दोन मिनिटांवर गफ स्क्वेअरमध्ये राहायचा, घर अजून आहे, आत जाऊन बघता येतं. पबात त्याच्या नावाची बसायची जागा दाखवतात. पण त्याच्या आयुष्याचा इतका बारीक तपशील लिहून ठेवणाऱ्या बॉस्वेलने या पबचा एकदाही उल्लेख केलेला नाही. दोन मिनिटांवर राहणारा माणूस कधी आलाच नसेल असं वाटत नाही, पण पुरावा नाही तो नाहीच.

आता याच्या उलट अनुभव सांगते. ईली प्लेसच्या बाजूच्या बोळात ये ओल्ड माइटर नावाचा पब आहे, बोळ असा की माहीत नसेल तर दारापाशी येऊन परत फिराल. आत कोपऱ्यात चेरीच्या झाडाचा जुना बुंधा आहे आणि गोष्ट अशी की पहिली एलिझाबेथ राणी सर ख्रिस्तोफर हॅटनबरोबर या झाडाभोवती नाचली. त्या दिवशीची गाइड बुंध्यावर हात ठेवून म्हणाली, नाचाला कागदाचा आधार नाही, ते सोडून द्या, पण आधार कशाला आहे ते ऐका. इथे ईलीच्या बिशपचा वाडा होता, त्याच्या नोकरांसाठी १५४६ च्या सुमारास ही दारूची जागा निघाली, आजची इमारत अठराव्या शतकातली, आणि बिशपच्या बागेचा तुकडा राणीने त्याच्याकडून हॅटनला मिळवून दिला, म्हणून शेजारच्या रस्त्याचं नाव आजही हॅटन गार्डन आहे. दंतकथा बाजूला काढली तरी गोष्ट उणी झाली नाही, उलट ते झाड म्हणजे दोघांच्या जमिनीची हद्द होती असं मानतात हे ऐकल्यावर मी तो बुंधा परत जाऊन बघितला.

तेव्हा थापा मारणारे गाइड आहेत म्हणून टूरच वाईट, हे मला पटत नाही. लंडनमध्ये गाइड व्हायला कायद्याने परवाना लागत नाही, कुणीही छत्री वर करून सुरू करू शकतो, म्हणून निवडणं आपल्यावर येतं. ब्लू बॅज असलेले किंवा सिटी ऑफ लंडनचे पात्र गाइड हे अभ्यास करून, परीक्षा देऊन आलेले असतात, बुक करताना ते बघा. आणि टूर चालू असताना सरळ विचारा की हे कुठे लिहिलंय. चांगल्या गाइडला हा प्रश्न आवडतो, मी प्रत्येक वेळी विचारते.

"बायका-मुलांची जागा नाही." खरंच? मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावं की या प्रश्नावर फ्लीट स्ट्रीटवरच कोर्टात भांडण झालंय. एल व्हिनो नावाचा वाइन बार, वकील आणि पत्रकारांचा अड्डा, तिथे बायकांना काउंटरपाशी उभं राहून पेय मिळत नसे, मागच्या खोलीत टेबलावर जाऊन बसायचं, तिथे आणून देणार. दोन बायका, एक वकील आणि एक पत्रकार, कोर्टात गेल्या, खालच्या कोर्टात हरल्या आणि १९८२ मध्ये अपील कोर्टात जिंकल्या. उभं राहायचा हक्क! मी त्या दारासमोर हे ऐकलं तेव्हा आमच्या घोळक्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या आणि एक आजी म्हणाल्या की मी तेव्हा इथेच नोकरीला होते, मला मागे पाठवलंय. मुलांचं म्हणाल तर अठराखालच्यांना दारू विकत घेता येत नाही, पण मोठ्यांबरोबर दिवसा बहुतेक पबांत आत येता येतं, प्रत्येक पबचा नियम वेगळा, तेवढं आधी विचारून घ्यायचं.

"फोनवर सगळं फुकट आहे." माहिती आहे, मान्य. पण द लॅम्ब नावाच्या पबात काउंटरवर डोक्याच्या उंचीला नक्षीच्या काचेच्या छोट्या फिरत्या झडपा आहेत, स्नॉब स्क्रीन म्हणतात त्यांना, प्रतिष्ठित गिऱ्हाइकाचा चेहरा बारवाल्याला दिसू नये म्हणून. ती झडप मी स्वतः फिरवली, पलीकडच्या माणसाचे फक्त हात दिसले, तोंड नाही. होबर्नच्या प्रिन्सेस लुईसमध्ये लाकूड आणि काचेचे कप्पे पाडलेत, एकाच पबात एकमेकांच्या नजरेआड बसायची सोय. व्हिक्टोरियन समाज एकाच छपराखाली किती भिंती घालून बसायचा हे त्या कप्प्यात कोंबून बसल्यावर जे कळतं ते स्क्रीनवरच्या फोटोत मला तरी कळलं नव्हतं.

मेसेजमध्ये एक ओळ अशीही आहे की या टूरमुळे स्थानिकांना त्रास होतो. अरुंद बोळात पंचवीस-तीस जणांचा घोळका उभा राहिला तर होणारच, त्या गाइडने लहान ग्रुप घ्यायला हवा, यात वादच नाही. पण स्थानिकांना पब नकोत हे मात्र कुणी सांगू नये. मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न बिल्डरने २०१५ च्या एप्रिलमध्ये परवानगी न घेता पाडला, रहिवासी गप्प बसले नाहीत, कौन्सिलने जसा होता तसाच परत बांधायचा हुकूम दिला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा उघडला. ते शक्य झालं कारण पाडायच्या आधी आतल्या-बाहेरच्या कामाची बारकाईने नोंद करून ठेवली होती. आणि ब्लॅकफ्रायर्सचा द ब्लॅक फ्रायर १९६० च्या दशकात पाडायला निघाला होता, तो कवी जॉन बेट्जमन आणि इतरांनी आवाज उठवला म्हणून वाचला. पाचरीच्या आकाराची इमारत, दारावर हसरा साधू, आत संगमरवर आणि तांब्याची शिल्पं, १९०५ पासून पुढे सजवत नेलेला. एका शिल्पात साधू मासे पकडतायत, खाली लिहिलंय "उद्या शुक्रवार", कारण शुक्रवारी त्यांना मांस वर्ज्य.

तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणी लंडनला जाणार असेल तर दुपारी तीनला, गर्दी नसताना, ब्लॅक फ्रायरच्या मागच्या खोलीत जा, लाइम सोडा घ्या, आणि मान वर करून मोझेकचं छत बघा. भिंतीवर कोरलेल्या म्हणींमध्ये एक आहे, घाई म्हणजे उशीर अशा अर्थाची, ती शोधायला मला दोन फेऱ्या लागल्या.