नव्या पदाधिकाऱ्यास : बिनखर्चाची महान खेळाडू

अभिनंदन! फुटबॉल संघटनेच्या कार्यकारिणीवर निवडून आलात, हारतुरे झाले, व्हिजिटिंग कार्डंही छापून आली असतील. आता आठवड्याभरात कुणीतरी पत्रकार विचारणारच, "महिला फुटबॉलसाठी काय करणार?" घाबरू नका. फारसं काही न करता एक जागतिक दर्जाची महिला खेळाडू पदरात पाडून घ्यायची रीत जगात सिद्ध झालेली आहे. त्यासाठी वेल्सकडे बघा. तीसेक लाख वस्तीचा देश आणि त्याची जेस फिशलॉक. तिची कारकीर्द लोक खेळाडूच्या बाजूनं वाचतात आणि डोळे पुसतात. तुम्ही ती संघटनेच्या बाजूनं वाचायची आहे, वहीपेन घेऊन.

सुरुवात फार आधीपासून करावी लागते. 1920 च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलमध्ये, एव्हर्टन क्लबच्या मैदानावर, बायकांचा सामना बघायला 53 हजार माणसं आली. असं काही तुमच्या हद्दीत घडलं तर वेळ दवडू नका. इंग्लंडच्या संघटनेनं दवडला नाही. 5 डिसेंबर 1921 ला ठराव झाला की हा खेळ बायकांना मानवत नाही, सबब संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ठरावातली खुबी बघा. खेळू नका असं कुणीही म्हटलं नाही. खुशाल खेळा, फक्त आमच्या मैदानावर नको. वेल्सच्या संघटनेनं पुढच्याच वर्षी तोच कित्ता गिरवला आणि 1970 पर्यंत नेटानं चालवला.

बंदी उठवली म्हणजे लगेच संघ काढायचा, अशी घाई मात्र करू नये. वेल्सनं त्यानंतर आणखी वीसेक वर्षं शांततेत काढली. मुली खेळत होत्या, स्वतःच्या हौसेनं आणि स्वतःच्या पैशानं. संघटनेच्या जमाखर्चात त्यांचा पैसाही दिसत नव्हता. ताळेबंद असा स्वच्छ ठेवता आला पाहिजे.

इथे एक धोका आहे, तो म्हणजे दारात येऊन मागणी करणारी माणसं. 1992 मध्ये कार्डिफकडून खेळणाऱ्या लॉरा मॅकअॅलिस्टर, मिशेल अॅडम्स आणि कॅरन जोन्स अशा तिघी वेल्सच्या संघटनेचे सचिव अॅलन एव्हान्स यांना जाऊन भेटल्या. म्हणणं एवढंच की देशाला महिलांचा अधिकृत संघ हवा. आता अनुभवी सचिव अशा वेळी काय करतो? साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून कळवतो, फाइल वरच्या मजल्यावर गेली म्हणतो, फारच झालं तर एक अभ्यास समिती नेमतो. एव्हान्स यांनी भेट दिली आणि वर ऐकूनही घेतलं! 1993 मध्ये संघ उभा राहिला. मॅकअॅलिस्टर पुढे त्याच्या कर्णधार झाल्या, मग राज्यशास्त्राच्या प्राध्यापक, आणि 2023 मध्ये थेट युरोपीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर जाऊन उपाध्यक्ष. तुमच्या केबिनबाहेर बाकावर बसलेली व्यक्ती उद्या तुमच्या वरच्या समितीत बसू शकते. तेव्हा भेट नाकारायची असेल तर निदान चहा तरी पाठवा.

असो. संघ झालाच आहे, तर त्यात खेळणारं कुणीतरी लागणार. फिशलॉक 1987 ची, कार्डिफच्या लॅनरम्नी वस्तीतली. कार्डिफ सिटीच्या महिला संघात वाढली आणि 2006 मध्ये देशाकडून पहिला सामना खेळली. या टप्प्यावर नवखा पदाधिकारी चुकतो. पोरगी चांगली आहे म्हटल्यावर तो घरच्या लीगला पैसे द्यायला निघतो. अजिबात नको. पोरगी चांगली असेल तर ती जाईल. तिला जाऊ द्या. जगात इतके देश कशाला आहेत?

2008 मध्ये डच लोकांनी तिला उचललं. अल्कमारच्या एझेड क्लबात ती दोन वर्षं राहिली आणि लीगची दोन विजेतेपदं घेऊन निघाली. मग ब्रिस्टल. मग ऑस्ट्रेलियात मेलबर्न, तेही एका क्लबाकडून भागलं नाही म्हणून शहरातल्या दोन्ही क्लबांकडून. 2013 मध्ये अमेरिकेत नवी व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा सिअॅटल. मधल्या सुट्ट्यांत ग्लासगो, फ्रँकफर्ट, लिऑन. फ्रँकफर्ट आणि लिऑन या दोघांनी ज्या मोसमात ती त्यांच्याकडे होती त्याच मोसमात चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. उत्तर गोलार्धातला हंगाम संपला की दक्षिण गोलार्धातला सुरू, अशी ती कित्येक वर्षं जवळजवळ बारमाही खेळली. त्या काळात एका लीगच्या पगारावर वर्ष निघत नसे, हे त्यामागचं कारण पत्रकात घालायची गरज नाही. पत्रकात "खेळाची अफाट भूक" असं लिहा.

आता यातला तुमचा वाटा बघा. सराव डचांचा, पगार अमेरिकनांचा, ऊन ऑस्ट्रेलियाचं. आंतरराष्ट्रीय सामन्यांची तारीख आली की ती माहेरवाशिणीसारखी येणार, चार दिवस सगळ्यांचं करून परत जाणार. जुलै 2019 मध्ये तिच्या गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटला, तोही अमेरिकेतल्या मोसमात. दोन वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी, तिला त्याच अमेरिकी लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आलं. तुमच्याकडून "आमच्या लेकीचा अभिमान" अशी एक पोस्ट, वेल्सच्या झेंड्यावरच्या लाल ड्रॅगनच्या चित्रासह. 2018 मध्ये तिला एमबीई हा ब्रिटिश राजघराण्याचा किताब मिळाला, त्याचा खर्चसुद्धा राजघराण्याचा.

विक्रमांची मात्र काळजी घ्यावी लागते, कारण अशी बाई विक्रम करून बसते आणि मग मांडणीचा प्रश्न येतो. वेल्सकडून 100 आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी पहिली व्यक्ती फिशलॉक, एप्रिल 2017. पुरुषांत ख्रिस गुंटरनं शंभरी गाठली ती मार्च 2021 मध्ये. जुलै 2024 मध्ये लनेथ्लीत कोसोव्होविरुद्ध तिनं 45 वा गोल केला आणि आधीच्या पिढीतल्या हेलन वॉर्डचा 44 चा विक्रम मोडला. पुरुषांतला सर्वाधिक गोलवाला गॅरेथ बेल 41 वर थांबलेला. म्हणजे वेल्सकडून सर्वाधिक गोल कुणाचे, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे आणि ते बेल नाही. त्याच्याही पुढे एक सोडून दोघी. यावर उपाय एकच : प्रत्येक वाक्यात "महिला" हा शब्द न विसरता घाला, म्हणजे ही यादी निराळी आहे हे आपोआप कळतं. बेलच्या वेळी "पुरुष" शब्द घालायचा नसतो. तो तसाच समजला जातो.

मोठी स्पर्धा हा खर्चिक मामला आहे. ती टाळण्याचा सर्वांत सन्माननीय मार्ग म्हणजे थोडक्यात हुकणे. 2019 च्या विश्वचषकाच्या पात्रता गटात वेल्सनं सात सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, आणि शेवटी न्यूपोर्टला इंग्लंडनं तीन घातले. पुढच्या युरोच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेच्या, पात्रतेत उत्तर आयर्लंडशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले. न्यूपोर्टला 2-2, बेलफास्टला 0-0. गुण सारखे, पण परक्या मैदानावर केलेले गोल मोजले आणि वेल्स घरी. ऑक्टोबर 2022 मध्ये, पुढच्या विश्वचषकाच्या पात्रतेच्या बाद फेरीत, तर कळस झाला. कार्डिफला पंधरा हजारांवर लोक आले, फिशलॉकनं बोस्नियाविरुद्ध जादा वेळेत व्हॉली मारून सामना काढला, आणि पाच दिवसांनी झ्युरिकला स्विस संघानं 121 व्या मिनिटाला गोल केला. एकशे एकविसाव्या! देवाला सुद्धा एवढी वेळेची शिस्त नसते. अशा प्रसंगी खेळाडू मैदानावर बसून रडतात. त्याचा फोटो उत्तम येतो आणि विश्वचषकाच्या हॉटेलांचं बुकिंग करावं लागत नाही.

इथवर वेल्सची संघटना आदर्श होती. पुढे ती बिघडली, आणि हे प्रकरण तुम्ही धोक्याची सूचना म्हणून वाचा. जानेवारी 2023 मध्ये त्यांनी महिला आणि पुरुष राष्ट्रीय संघांना समान मानधन जाहीर केलं. त्यासाठी पुरुष खेळाडूंनी स्वतःच्या मानधनातले 25 टक्के सोडले. त्याच पुरुषांनी, जे नुकतेच 64 वर्षांनी विश्वचषक खेळून आले होते! मी तुमच्या जागी असतो तर त्यांना तातडीनं कारणे दाखवा नोटीस पाठवली असती. उद्या ही साथ इतर संघटनांत पसरली म्हणजे?

परिणाम व्हायचा तोच झाला. 3 डिसेंबर 2024 ला डब्लिनमध्ये वेल्सनं आयर्लंडला 2-1 हरवलं, दोन सामन्यांची बेरीज 3-2 झाली आणि महिला संघ पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेला, 2025 च्या युरोला, पात्र ठरला. झाला खर्च सुरू. संघ जाहीर करायला प्रशिक्षक रिअॅन विल्किन्सन थेट देशातल्या सर्वोच्च शिखरावर गेल्या, अर विथ्वावर. आपल्या शाळेच्या नकाशातलं स्नोडन ते हेच. उंची 1085 मीटर, म्हणजे कळसूबाईपुढे तसं लहानच, पण प्रवासभत्ता तो प्रवासभत्ता.

जुलै 2025, स्वित्झर्लंड. पहिल्या सामन्यात नेदरलँड्सकडून 0-3. दुसरा सामना सेंट गॅलनला, फ्रान्सविरुद्ध. फ्रान्सनं गोल केला आणि काही मिनिटांतच फिशलॉकनं तो फेडला. साइडच्या पंचानं ऑफसाइडचा झेंडा वर केला होता. व्हिडिओ तपासला, झेंडा चुकला होता. मोठ्या स्पर्धेतला वेल्सच्या महिलांचा पहिला गोल, आणि महिला युरोत गोल करणारी सर्वांत वयस्क खेळाडू, 38 वर्षं 176 दिवस. सामना 1-4 गेला, पुढचा इंग्लंडशी 1-6.

या गोलाचं पोस्टर जरूर काढा. मोठ्या अक्षरांत "वय हा फक्त आकडा". कोपऱ्यात तुमचा फोटो. आणि एखादा खवट माणूस उठून विचारेल की, अहो, बाई ज्या वयात युरोपातल्या चांगल्या-चांगल्या बचावाला लोळवत होती त्या चोविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी तिनं हा गोल कुठे करायचा होता? तिचा वेग, तिचा दम सर्वांत जास्त होता तेव्हा तुमच्याकडे तिला उतरवायला स्पर्धाच का नव्हती? अशा माणसाला "चिकाटी" या विषयावरच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवा. तो नाराज होईल, पण हार गळ्यात पडला की बोलणार नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये कार्डिफलाच, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, ती देशाकडून शेवटचा सामना खेळली. तुम्हाला आता अशीच दुसरी हवी असणार. अडचण अशी की वेल्समध्ये आज ज्या मुली वर येताहेत त्यांनी फिशलॉकला मोठ्या स्पर्धेत खेळताना पाहिलंय. त्या फिजिओ मागतात, गवत मागतात, विमानाची वेळ विचारतात. त्यांच्यातून महान खेळाडू निघेलही, पण या रीतीनं नाही. तुमच्याकडे अजून हा प्रश्न आलेला नाही, तो येऊ न देण्यासाठी पहिल्याच बैठकीत काळजी घ्या. महिला फुटबॉलचा विषय विषयपत्रिकेतून वगळू नका, फार बोभाटा होतो. तो "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" याखाली, सत्काराच्या ठरावानंतर ठेवा. तोवर वडे येतात, आणि कोरम राहत नाही.