हलक्या पायाचा माणूस

इंदूरला पलासियाच्या चौकात सिग्नल लाल होता. आकडा 70 वरून खाली येत होता. पहिला गिअर टाकून, क्लच दाबून मी शहाण्यासारखा बसलो होतो आणि गाडी निघाली. हळूच, जेवणाच्या पंगतीतून कुणाच्या लक्षात न येता उठणाऱ्या माणसासारखी. पुढे स्कूटर, तिच्यावर मागे बसलेल्या बाईंच्या हातात जिलबीची पुडी. मी क्लच आणखी दाबायला गेलो, तर पेडल आधीच तळाशी जाऊन टेकलं होतं. ब्रेक दाबला, गाडीने गचका दिला आणि बंद पडली. पुडी वाचली. पेडल मात्र वर येईना. शेवटी बुटाच्या टोकाने खालून उचकटून वर काढलं, दोनदा दाबलं, आणि ते एकदम इतकं घट्ट, इतकं सालस झालं की मलाच शंका आली, मघाशी झालं ते खरंच झालं का?

पहिल्या गॅरेजवाल्याने पंधरा-वीस वेळा खटाखट क्लच मारला. "भिया, पेडल तो मक्खन चल रिया है." मग त्याने खाली वाकून पायातली मॅट ओढून काढली, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि ती डिकीत टाकली. मॅट अडकत असणार. पैसे घेतले नाहीत. ते जास्त लागलं.

दुसऱ्याने गाडीत न बसताच सांगितलं, क्लच प्लेट गेली. पूर्ण सेट टाकायचा, गिअरबॉक्स उतरवायचा, गाडी दोन दिवस ठेवून जायची. आता मी काही मेकॅनिक नव्हे, पण प्लेट झिजली तर क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही, एवढं मला ठाऊक होतं. माझ्या गाडीचं दुखणं उलटं होतं: ती न सांगता पळत होती. हे मी त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "तो फिर आप ही बना लो." हा मुद्दा बिनतोड होता.

तिसऱ्याच्या मते, पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या तेलाच्या लाइनीत हवा शिरली होती. हवा काढणं हा दोघांचा कार्यक्रम असतो. एक जण बॉनेटमध्ये डोकं घालून हवा सोडायचं निप्पल ढिलं करतो, दुसरा पेडलवर. "मारो, मारो, मारो... पकड़ के रखो... छोड़ना मत!" पेडलवर मी होतो. अर्धा तास चाललं. काळं तेल गेलं, डॉट 4 दर्जाचं नवं सोनेरी तेल आलं, आणि आठ दिवस गाडी अशी वागली की मी शेजारच्या काकांना त्या गॅरेजचा पत्ताही देऊन बसलो. नवव्या दिवशी सराफ्याच्या खाऊगल्लीत पाहुण्यांना खाऊ घालून परतताना पेडल पुन्हा तळाला.

काका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी निदान केलं, तेल गळत असणार. मग मी रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरू लागलो. 2017 पासून आमचं इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय आणि मी मात्र पहाटे उठून डाग पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला. कचरागाडी यायच्या आत कागद उचलायचा, उजेडात धरायचा. कोरा. बॉनेटखालच्या डबीतलं क्लचचं तेलही जिथल्या तिथे.

वही घातली. तारीख, वेळ, ऊन, रस्ता. त्यातून एवढंच निघालं की दुपारी जास्त होतं, सिग्नलला जास्त होतं, आणि ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात ट्रकांच्या मागे शंभरदा गिअर बदलूनही एकदाही झालं नाही. आणखी एक नोंद होती, पण ती मी लिहिली नव्हती. बायको चालवते तेव्हा कधीच होत नाही. "अहो, गाडी ठीक आहे," ती म्हणाली, "तुम्हीच जरा..." आणि वाक्य तिथेच सोडलं. पंचवीस वर्षांच्या संसारात अर्धी वाक्यंच जास्त ऐकू येतात.

शेवटी छावणी भागातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी पेडलला हात लावला नाही. चहा मागवला, वही वाचली (वाचणारे ते पहिलेच) आणि विचारलं, "गाड़ी और कौन चलाता है?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हजर. आधी बायको बसली. झुरळ दिसल्यासारखा तिने क्लच मारला. ठणठणीत. मग मी. "जैसे रोज दबाते हो, वैसे."

मला वडिलांनी फियाटवर शिकवलं होतं. पायाखाली अंडं आहे असं समज, म्हणायचे. मी अंडं न फोडता पेडल दाबलं आणि धरून ठेवलं. दहा सेकंद, वीस... पाय आपोआप खाली निघाला. उस्ताद बॉनेटमध्ये वाकून स्लेव्ह सिलिंडरच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या नळकांड्याच्या, दांड्याकडे बघत होते. "देखो, वापस आ रिया है!" माझा पाय जागच्या जागी आणि दांडा मागे सरकतोय. त्यांना लग्न जमल्याचा आनंद झाला होता.

गोष्ट एवढीच होती. मास्टर सिलिंडरमधली, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या नळकांड्यातली, रबराची वाटी झिजलेली. जोरात दाबलं की तिची कड फुलून भिंतीला चिकटते, दाब धरते. हळू दाबलं, किंवा बराच वेळ धरून ठेवलं, की तेल तिच्या कडेकडेने मागे निसटतं आणि पुन्हा डबीत जातं. त्यामुळे ना डाग, ना घट. उन्हाने तेल पातळ झालं की आणखी सोपं. पहिल्या गॅरेजवाल्याने दणादण पाय मारला, दुसरा गाडीत बसलाच नाही, तिसऱ्याने माझ्याकडून दणादण मारून घेतलं, म्हणून कुणालाच काही सापडलं नाही. ही खराबी फक्त हलक्या पायाच्या माणसालाच दिसत होती.

नुसती नव्या रबरांची किट न घालता त्यांनी अख्खा मास्टर सिलिंडर बदलला आणि जुना फोडून ती वाटी माझ्या तळहातावर ठेवली. कोटाच्या बटणाएवढी. जाताना एक तंबी दिली: सिग्नलला क्लच धरून बसायचं नाही, न्यूट्रल करायचं. चूक केली ती एवढीच, की हे त्यांनी बायकोसमोर सांगितलं.

आता पलासियाला गाडी पुरती थांबायच्या आत शेजारच्या सीटवरून आवाज येतो, "न्यूट्रल." मॅट अजून डिकीतच आहे. ती परत घालायची माझी छाती होत नाही.