मीटर काय बघता, दात बघा

गेल्या महिन्यात शिरपूरच्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर लाल दिव्यांची रांग, खाली ‘एका अनुभवी माणसाचा सल्ला’ आणि शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’. हाच मेसेज त्याआधी मला शाळेच्या ग्रुपवर आला होता, सोसायटीच्या आला होता आणि केळीचे भाव टाकतात त्या ग्रुपवरही. भाचा जुनी गाडी घ्यायच्या बेतात होता. मेसेज वाचून घाबरला आणि फोन केला, “मामा, खरं आहे का हे?”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी भंगारात घालतं, म्हणून दहा वर्षांवरची गाडी घेणं म्हणजे पैसे मातीत. मीटरवर पन्नास हजारांच्या वर आकडा असेल तर हात लावू नका. आपल्या खान्देशच्या उन्हात जुनी गाडी तापतेच, म्हणून थर्मोस्टॅट काढून टाका आणि साधं पाणी घाला. नावावर करायची घाई नको, नोटरी पुरते. घ्यायचीच तर डिझेल घ्या, तीही गुजरात पासिंग. आणि हो, आता जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी.

अनुभवी माणूस कोण ते माहीत नाही. मी अमळनेरला राहतो, आजवर तीन गाड्या घेतल्या, तिन्ही जुन्या, आणि त्यातल्या एकीने मला चांगलाच धडा शिकवला. माझं भांडण मेसेजने घाबरवण्याशी नाही. घाबरायलाच हवं, पण मेसेज घाबरवतो भलत्याच ठिकाणी, आणि जिथे खरा खड्डा आहे तिथे ‘बिनधास्त चाला’ म्हणतो.

पंधरा वर्षांचं आधी. हा दिल्लीचा नियम फिरत फिरत तापीकाठी आलाय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल ही मर्यादा तिथे लागू करायला सांगितलं. ते दिल्लीपुरतं. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की आरटीओत गाडी दाखवायची, तपासणीत पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. पुढे पुन्हा तसंच. २०२१ साली आलेल्या भंगार धोरणातही खासगी गाडीचं वय झालं म्हणून कुणी येऊन ती उचलून नेईल असं नाही. तपासणीत नापास झाली तर मात्र रस्त्यावर आणता येत नाही.

खर्च आहे, तो लपवत नाही. पूर्वी सहाशे रुपयांत होणारं हे नूतनीकरण १ एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० रुपये झालं, वर पर्यावरण कर, आणि उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये जादा. म्हणून चौदा वर्षांची गाडी कुणी दाखवली तर हा खर्च भावातून वजा करा, एवढंच. चौदा वर्षांची नीट सांभाळलेली वॅगनआर मी सहा वर्षांच्या ठोकलेल्या गाडीपेक्षा आधी घेईन.

आता मीटर. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत कुणी घोडा घ्यायला गेलं तर विकणारा म्हणेल, “पाच वर्षांचा आहे, भाऊ.” घेणारा मान डोलावतो आणि घोड्याचं तोंड उघडून दात बघतो. तोच माणूस दोंडाईच्याला जाऊन चार लाखांची गाडी घेताना काचेआडचा आकडा वाचतो आणि खूश होतो. डिजिटल मीटर मागे फिरवायला एक छोटं मशिन आणि काही मिनिटं लागतात. म्हणजे ‘पन्नास हजारांच्या आतली घ्या’ हा सल्ला आपल्याला नेमका त्या माणसाच्या दारात नेऊन सोडतो ज्याने मीटर फिरवलंय.

गाडीचे दात वेगळ्या ठिकाणी असतात. मागे पारोळ्याला एक २०१४ ची गाडी बघितली. मीटर ३८ हजार. दिसायला लग्नातल्या नवरदेवासारखी, सीटकव्हर नवं, डॅशबोर्डला पॉलिश. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून खाली वाकलो. क्लचच्या पेडलच्या रबराची नक्षी पूर्ण गेलेली, एका कोपऱ्यातून लोखंड डोकावत होतं. सीटबेल्ट पूर्ण ओढला तर कडेने सुतं सुटलेली. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चारही टायर २०१९ चे. टायर लवकर बदलला म्हणून काही सिद्ध होत नाही, ऊन आपलं असं आहे की रबरही फाटतं. पण मग बॉनेट उघडलं आणि आतल्या पत्र्यावर कुठल्यातरी गॅरेजचं ऑइलचं स्टिकर दिसलं, अर्धवट खरवडलेलं. त्यावर पेनाने लिहिलं होतं, पुढचं ऑइल ९६,४०० ला. मालकाला म्हटलं, “दादा, हे स्टिकर दुसऱ्या गाडीचं का?” तो म्हणाला, “असेल.”

एक लाख दहा हजार किलोमीटर, पण ऑइल वेळेवर बदललेलं, बिलं फायलीत लावलेली, अशी पेट्रोल गाडी मला चालते. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस झाली असेल तर मालकाला सोबत घेऊन तिथे नंबर टाकला की कुठल्या तारखेला किती किलोमीटर होते ते निघतं. मालक सोबत यायला तयार नसेल तर उत्तर तिथेच मिळालं. टायमिंग बेल्टचं इंजिन आहे की चेनचं, म्हणजे आतले भाग एका तालात फिरवायला पट्टा आहे की साखळी, तेवढं विचारा. जुन्या आठशे सीसीच्या अल्टोला बेल्ट असतो, के सिरीजच्या इंजिनाला चेन. बेल्ट कधी बदलला हे कुणालाच माहीत नसेल तर पहिल्याच आठवड्यात बदलून टाका.

आता थर्मोस्टॅट. इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण हा धडा माझा स्वतःचा आहे.

माझी दुसरी गाडी घेतली तेव्हा मे महिना होता. संभाजीनगरला पुतणीचं लग्न, आम्ही पाच जण, डिकीत रुखवताचं सामान. चाळीसगाव सोडलं, कन्नडचा घाट लागला, एसी चालू, पुढे दोन ट्रक, पहिला-दुसरा गिअर. निम्म्या घाटात लाल दिवा पेटला आणि बॉनेटमधून वाफ. कठड्यावरची माकडं आमच्याकडे बघत होती, आम्ही त्यांच्याकडे. बायको एवढंच म्हणाली, “स्वस्त मिळाली होती ना?” पुढे टोचन करून कन्नडला नेली. तिथल्या मिस्तरीने हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. आधीच्या मालकाच्या मिस्तरीने ‘गाडी तापायला नको’ म्हणून काढून फेकलेला. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी, आणि खालच्या अर्ध्या नळ्यांत पांढरा क्षार, आपल्या बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी साचतो तसाच.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असताना ते बंद असतं, पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास गेलं की उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे सोडतं. काढलं तर इंजिन हवं तेवढं गरम व्हायला फार वेळ लागतो. मग गाडीचा संगणक समजतो की इंजिन अजून गारच आहे आणि पेट्रोल जास्त सोडतो. एव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, रिंग-पिस्टन झिजतात. आणि गंमत म्हणजे काही इंजिनांत हेच दार बायपासची वाटही बंद करत असतं. ते नसलं की काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं, आणि ऐन उन्हात, ऐन घाटात गाडी जास्त तापते. थर्मोस्टॅट चिकटून बंद राहिला तर गाडी उकळते हे खरं. पण दाराची कडी अडकली तर कडी बदलतात, दार उखडून नेत नाहीत.

साध्या पाण्याचं तसंच. कूलंट ‘थंडगार’ म्हणून घालत नाहीत. त्याने उकळबिंदू थोडा वर जातो, पण खरं काम आतलं ॲल्युमिनियम गंजू न देणं आणि क्षार धरू न देणं. डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करून घाला, किंवा तयार मिळतं ते. आणि रेडिएटरचं झाकण. ते स्प्रिंगचं असतं, आत दाब धरून ठेवतं आणि त्या दाबामुळेच पाणी शंभराच्या बरंच वर गेलं तरी उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की दाब गेला. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर गेला की ज्या गाड्या रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या दिसतात, त्यातल्या कितीतरी या असल्या किरकोळ कारणाने उभ्या असतात: झाकण, पंखा, पंख्याचा रिले, फाटका होजपाइप. वय नव्हे.

म्हणून गाडी बघायची ती मे महिन्यात, दुपारी दोनला. एसी पूर्ण लावा, गाडी जागेवर वीस मिनिटं चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा लागतो का ते कानाने ऐका. बऱ्याच छोट्या गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो, लाल दिवा पेटतो तोवर उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखाली लावायचं एक स्वस्त ब्लूटूथ यंत्र मिळतं, ते मोबाइलवर अंश दाखवतं. हे डिसेंबरात बघून काही कळणार नाही. डिसेंबरात आपल्याकडे सगळ्याच गाड्या चांगल्या असतात.

नोटरीचा मुद्दा वाचून मात्र मला राग आला. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यात चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. फॉर्म २९ आणि ३०, ज्याला सगळे ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, मग मधे गाडी चार हातांतून गेलेली का असेना. म्हणजे अपघात झाला की भरपाईसाठी बोलावणं नोटरी घेऊन बसलेल्या विकणाऱ्याला. आणि घेणाऱ्याची गाडी ठोकली गेली तर विमा कंपनी विचारणार, आरसी कुणाची आणि पॉलिसी कुणाची? थर्ड पार्टी कव्हर, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या नुकसानीसाठी पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, तर येतच नाही, तो त्या माणसाचा असतो. दलाल ‘पॉलिसीवर ५० टक्के बोनस आहे’ म्हणून भाव चढवतो तेव्हा हसून चहा प्यायचा.

टोकन द्यायच्या आधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाका. बोजा, विमा, नोंदणी कधी संपते, सगळं तिथे दिसतं. ई-चलनं वेगळी बघा. एमएच १८, १९, ३९, पासिंग आपल्या तिन्ही जिल्ह्यांतलं कुठलंही असो, हे करायचंच.

गुजरात पासिंग स्वस्त असतं, कारण तिथे नव्या गाडीवरचा कर सहा टक्के आणि आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोलला अकरा, डिझेलला तेरा. निम्मा खान्देश सुरतेत राहतो, त्यामुळे ‘आपल्याच माणसाची’ गाडी नवापूरवरून येते. पण ती इथेच ठेवायची तर फॉर्म २८ ची एनओसी आणा, बारा महिन्यांच्या आत नोंदणी इकडे करा, वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर भरा आणि तिकडच्या परताव्यासाठी फेऱ्या घाला. हे धरून स्वस्त पडली तर जरूर घ्या. समुद्राजवळची किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली नाही ना, हे गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. सीटच्या पट्ट्या, सीटखालचे नट, कार्पेटखालचा पत्रा. वरून रंग मारता येतो, खालचा गंज लपत नाही.

डिझेलचं एक साधं गणित. भाच्याचं फिरणं महिन्याला पाचशे किलोमीटर, म्हणजे वर्षाला सहा हजार. पेट्रोल गाडी लिटरला अठरा देते, डिझेल बावीस. १०५ आणि ९१ रुपये दर धरला तर वर्षाला वाचतात दहा हजारांच्या आसपास. एकदा इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं की दोन-तीन वर्षांची बचत त्यातच गेली. एप्रिल २०२० नंतरच्या, प्रदूषणाच्या बीएस सहा नियमातल्या डिझेलला धूर गाळायचा फिल्टर असतो, तो घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत चोंदतो. रोज धुळे-जळगाव करणाऱ्याने डिझेल घ्यावं. भाच्याने नाही.

जीएसटीचं दोन ओळींत संपतं. १८ टक्के कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला, तोही त्याच्या नफ्यावर. तुम्ही-आम्ही घरची गाडी एकमेकांना विकली तर काही नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या छोट्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ वर आला, त्यामुळे जुनीचा भाव सांगणाऱ्याला नवीचा आजचा भाव दाखवायची सोय झाली.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मामा, तुम्हीच चला.” दोंडाईच्याला एक २०१३ ची वॅगनआर होती, फोटोत सुरेख. मालकाला आदल्या रात्री फोन करून बजावलं: सकाळी सातला येतो, गाडी सुरू करू नका, थंड इंजिन चालू होताना ऐकायचंय. थंड असताना किरकिर करणारं इंजिन आणि पहिल्या मिनिटाला निघणारा निळा धूर गरम झाल्यावर दिसत नाही, एवढ्यासाठी. साडेपाचला अमळनेर सोडलं. पोचलो तर गाडी अंगणात, पुसून चकाचक, मालक हसतमुख. “काय भो, येवाले तरास व्हयना का?” मी हात मिळवला आणि दुसरा हात सहज बॉनेटवर ठेवला.

गरम होतं. चहा घेतला, शेव-पोह्यांना नाही म्हणालो, आणि परत निघालो.