दोन मासे, दोन तारे: आमच्या बोटीवरच्या परीक्षणाला मालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. तुमचा मजकूर दोनदा वाचला, एकदा रागाने आणि एकदा चहा घेतल्यावर. तक्रार थोडक्यात अशी: मिनेसोटातल्या मिल लॅक्स तलावावर मासेमारीला नेतो म्हणून भलत्याच तलावावर नेलं, तासभर बोट धुण्यात घालवला, गाइडलाच तलाव माहीत नव्हता, सारखी आमिषं बदलत होता, नागमोडी चकरांनी मुलाला मळमळलं, आणि एवढं करून मिळाले दोन वॉलआय मासे. दोन माशांना दोन तारे.

तलाव बदलला तो वाऱ्यामुळे. मिल लॅक्स पाचशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला आणि सगळ्यात खोल जागा ४२ फूट. परातीत पाणी ठेवल्यासारखा. वारा सुटला की लाटा उभ्या राहायला वेळ लागत नाही. धक्क्यापासून पाच मिनिटं गेलो आणि परत फिरलो, हे तुम्ही पाहिलंत. लहान मुलाला घेऊन त्या पाण्यात मी पुढेही जाणार नाही.

बोट धुतल्याचंही वाईट वाटत नाही. मिल लॅक्समध्ये २००५ साली झेब्रा मसल सापडले. नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे शिंपले. ते बोटीला चिकटून दुसऱ्या तलावात पोचतात आणि मग तिथून जात नाहीत. निघताना गवत काढून, बूच उघडून पाणी सोडणं हा मिनेसोटाचा कायदाच आहे. गरम पाण्याचा फवारा मी माझ्या मनाने मारतो.

आता गाइडलाच तलाव माहीत नव्हता, हे. खरं आहे. त्या तलावावर (नाव लिहीत नाही, तिथले लोक मला पुन्हा धक्क्यावर उभं करणार नाहीत) मी आधी एकदाच गेलो होतो, तेही हिवाळ्यात, बर्फावर. हे गाडीतच सांगायला हवं होतं आणि नको असेल तर पैसे परत, असंही म्हणायला हवं होतं. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून गप्प बसलो.

पण आमिषं फार वेळा बदलली, हे मात्र मान्य नाही. चूक उलटी झाली. मी ती उशिरा बदलली.

मिल लॅक्सवर जुलैत माझं ठरलेलं असतं: तळाला टेकत जाणारं शिशाचं वजन, दर दहा फूट खोलीला एक औंस या हिशेबाने, त्यामागे मणी आणि चांदीसारखी फिरती पाती, आणि गळाला गांडूळ. बोट ताशी एक मैलाच्या जरा वर. हात बसलेला आहे. नव्या तलावावर पोचलो आणि तेच लावलं, २४ फुटांवर, दोन तास. तुमच्या मुलाने किती वेळा रिकामी गरी वर ओढली, त्यानेच मोजलं होतं: अकरा. गांडूळ खाऊन जात होते ते पर्च मासे, बोटभर लांबीचे. इथल्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर त्या तलावाचा खोलीचा नकाशा आहे आणि जाळी टाकून केलेली माशांची पाहणीही आहे. त्यात पर्च भरपूर, असं स्पष्ट दिसत होतं. मी ते पार्किंगमध्ये उभं राहून वाचलं. आणि तरी गांडूळ लावलं!

दुसरी गोष्ट पाण्याची. दलदलीतून येणारं ते पाणी कोऱ्या चहासारखं होतं. वॉलआयच्या डोळ्यामागे उजेड परत फेकणारा थर असतो. आमच्या अलिबागकडे रात्री बॅटरी मारली की जिताड्याचे डोळे चमकतात ना, तसेच याचे. अंधुक पाण्यात पर्चला धड दिसत नाही आणि याला दिसतं, म्हणून हा तेव्हाच शिकार करतो. स्वच्छ तलावात भर दुपारी तो खोल उतरतो. चहाच्या पाण्यात त्याला दहा फुटांवरही पुरेशी सावली मिळते. म्हणजे दोन तास आपण बहुधा वॉलआय नसलेल्या पाण्यावरून फिरत होतो. शिवाय तपकिरी पाण्यात चांदीची पाती कोण बघतो? तिथे सोनेरी, तांबूस, नारिंगी हवं.

मग गांडुळं ठेवून दिली आणि क्रँकबेट काढले, म्हणजे पुढे जीभ असलेले खोटे मासे, ओढले की डुबकी मारतात. पर्चला त्यांचा लचका तोडता येत नाही आणि बोट ताशी दोन मैलांनी चालवता येते, त्यामुळे कमी वेळात जास्त पाणी पालथं घालता येतं. बर्फ नसताना इथे माणशी एकच काठी, म्हणून आपण चौघांच्या चार काठ्यांना चार रंग लावले आणि पाणगवताच्या कडेने नागमोडी निघालो. त्या चकरा उगाच नव्हत्या. वळताना बाहेरच्या बाजूचं आमिष जोरात ओढलं जातं, आतलं मंदावतं. कुठली काठी वाकते, त्यावरून माशाला कुठला वेग हवा ते कळतं. दोन्ही मासे बाहेरच्या काठीला लागले, दोन्ही सोनेरीला. पहिल्यानंतर मी वेग थोडा वाढवला आणि वीस मिनिटांत दुसरा आला. मग वेळ संपली. अजून एक तास मिळाला असता तर, असं प्रत्येक गाइड म्हणतो, म्हणून मी म्हणत नाही.

मुलाला मळमळेल का, हे आधी विचारलं नाही, त्याबद्दल माफ करा. आता बोटीत आलेपाक ठेवतो. तलाव बदलावा लागला तर निघण्याआधीच विचारेन, जायचं की पैसे परत.

तुमचे अर्धे पैसे आज सकाळी कार्डावर परत केले आहेत, दोन-तीन दिवसांत दिसतील. त्यासाठी तारे वाढवू नका. आणि मुलाची निळी टोपी बोटीतच राहिली आहे. पत्ता इथे लिहू नका, दुकानात फोन करून सांगा, पोस्टाने पाठवतो. सोबत तो सोनेरी क्रँकबेटही घालतो, गळ काढून.