‘नो-कॅश’ लिहिलं तरी दाखला दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहतोच

आमच्या पुण्यातल्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: साइट एचटीटीपीएसवर (माहिती कुलूपबंद नेणाऱ्या जोडणीवर) आहे, सर्व्हरवरची स्क्रिप्ट ‘नो-कॅश’ हेडर (फाइलसोबत ब्राउझरला जाणारी सूचना) पाठवते, पानाच्या एचटीएमएलमध्ये तीच सूचना देणारा मेटा टॅग आहे, मग गोपनीय कागद ब्राउझरमध्ये उरत नाही. उरतो. मी पाहिलाय.

सदाशिव पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलो होतो. माझ्या आधीचा मुलगा लॉगआउट करून उठला. मी बसलो, चुकून बॅक दाबलं आणि त्याच्या उत्पन्नाचा दाखला समोर आला. वडिलांचं नाव, पत्ता, वर्षाची कमाई, सगळं. टॅब बंद केला, हिस्टरी पुसली, पण अंगावर काटा आला.

एचटीटीपीएस फक्त वाटेत राखण करतं. कागद पोचल्यावर ब्राउझर तो खुशाल डिस्कवर ठेवतो.

खरा घोळ ‘नो-कॅश’च्या नावात आहे. त्याचा अर्थ ‘साठवू नको’ असा नाहीच. ‘साठव, पण पुन्हा वापरण्याआधी सर्व्हरला विचार’ असा आहे. त्यातही बॅक दाबल्यावर ब्राउझर बहुधा न विचारताच जुनं पान दाखवतो. साठवूच नये असं वाटत असेल, तर ‘नो-स्टोअर’ लिहावं लागतं. ‘प्रायव्हेट’ही कामाचं नाही, ते मधल्या प्रॉक्सीला (वाटेतल्या सामायिक सर्व्हरला) अडवतं, ब्राउझरला नाही.

मेटा टॅगचं तर बोलायलाच नको. दाखला असतो पीडीएफ, त्यात एचटीएमएलचा टॅग टाकणार कुठे?

मग ‘नो-स्टोअर’ गेलं कुठे? जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये त्याच्यामुळे एचटीटीपीएसवरून पीडीएफ उतरत नसे, म्हणून लोकांनी ते काढलं. तो ब्राउझर जून 2022 मध्ये निवृत्त झाला, कॉपी-पेस्ट केलेला कोड मात्र तसाच आहे. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत तर सेशन (लॉगिन लक्षात ठेवायची सोय) सुरू करताच ‘नो-स्टोअर’ आपोआप जातं. आपणच पुढे कॅश-कंट्रोलचा (या सगळ्या सूचना ज्यातून जातात त्याचा) दुसरा हेडर लिहितो आणि आधीचा पुसला जातो. फाइल पाठवणाऱ्या स्क्रिप्टमधली ती ओळ आजच शोधा.

‘नो-स्टोअर’ने सगळं भागतं, असं मात्र मी म्हणणार नाही. 2022 च्या आरएफसी 9111 मध्येच (ब्राउझरने काय, कसं साठवावं याच्या अधिकृत नियमांत) लिहिलंय की गोपनीयतेसाठी एवढं पुरेसं नाही. फाइल ‘अटॅचमेंट’ म्हणून (थेट डाउनलोड होईल अशी) पाठवलीत, तर ती डाउनलोड्समध्ये जाऊन बसते आणि तिथे कुठलाच हेडर पोचत नाही. म्हणून दाखला आधी ब्राउझरमध्येच उघडू द्या, आणि बटणाशेजारी स्पष्ट मराठीत लिहा: ‘दुकानातला कॉम्प्युटर असेल तर डाउनलोड केलेली फाइल डिलीट करा.’